डव्हकॉटवरून एक्स्चेंज ऑनलाइनकडे: डिलीट केलेले फोल्डर पुन्हा का उगवतात आणि ते कसे काढायचे

प्रश्न असा आहे. पोस्टफिक्स-डव्हकॉटचा जुना मेल सर्व्हर, मेलडिर पद्धतीची साठवण (प्रत्येक पत्र वेगळी फाइल), साधारण १२० खाती. एका सर्व्हरवरची पत्रे दुसऱ्यावर नेणारे आयमॅपसिंक हे साधन वापरून ती एक्स्चेंज ऑनलाइनवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या मेलसेवेवर नेली. पहिली फेरी दोन आठवडे आधी झाली, नंतर दर रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीतून, सिंक चालू आहे. आता लोक म्हणतात की वर्षापूर्वी डिलीट केलेले फोल्डर नव्या मेलबॉक्समध्ये परत आले. काही दोनदा दिसतात, काही रिकामे आहेत. आउटलुकमधून काढले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा हजर असतात. हे सगळे एकदाच साफ करणारी कमांड कोणती?

अशी एक कमांड आहे, पण आज ती चालवू नका. ‘डिलीट केलेला फोल्डर’ या एकाच नावाखाली इथे पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत, आणि त्यांतल्या दोन साफ करताना हवी असलेली पत्रे जातात. आधी कोणता फोल्डर कशामुळे आला ते ओळखायचे, जुन्या सर्व्हरवर साफसफाई करायची, आणि क्लाउडला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

एक सूचना: कमांड आणि पर्यायांची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, जोडून लिहायची आणि आयमॅपसिंकच्या पर्यायाआधी दोन आडव्या रेघा द्यायच्या, इतर कमांडच्या पर्यायाआधी एकच. आयमॅपसिंकच्या पर्यायात १ असेल तर तो जुन्या सर्व्हरविषयी, २ असेल तर नव्याविषयी.

आज रात्रीचा क्रॉन बंद करा

‘काढले तरी सकाळी परत’ या तक्रारीचे कारण जवळजवळ नेहमी हेच असते. आयमॅपसिंक फोल्डर नावाने ओळखतो. कोणी आउटलुकमध्ये ‘जुनी बिले’ हा फोल्डर डिलीट केला की तो ‘डिलीटेड आयटम्स’च्या पोटात जाऊन बसतो. रात्री सिंकला जुन्या सर्व्हरवर ‘जुनी बिले’ दिसतो, नव्यावर त्या नावाचा फोल्डर मूळ जागी दिसत नाही, म्हणून तो पुन्हा तयार करून सगळी पत्रे पुन्हा आणतो. आता एक प्रत डिलीटेड आयटम्समध्ये आणि एक मूळ जागी. चार रात्री असे झाले की मेलबॉक्स फुगतो आणि वापरणाऱ्याला वाटते क्लाउडच बिघडला आहे.

फोल्डरचे नाव बदलले तरी हाच प्रकार होतो. मूळ आयमॅपमध्ये (सर्व्हरवरची पत्रे वाचण्याच्या प्रोटोकॉलमध्ये) फोल्डरला नावापलीकडे कायमची ओळख नाही. २०१८ च्या आरएफसी ८४७४ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) फोल्डरला स्वतंत्र ओळखक्रमांक देण्याची सोय केली, पण आयमॅपसिंकची जुळणी नावावरच चालते. पहिल्या फेरीनंतर कोणी ‘टेंडर’चे ‘टेंडर २०२३’ केले असेल, तर नव्या बाजूला दोन्ही राहतील आणि दोन्हींत तीच पत्रे असतील. दोनदा दिसणाऱ्या फोल्डरांपैकी बरेच या जातीचे निघतात.

तेव्हा क्रॉन थांबवा. एमएक्स नोंद, म्हणजे नवी पत्रे कोणत्या सर्व्हरकडे यायची हे सांगणारी डीएनएस नोंद, अजून जुन्या सर्व्हरकडेच असेल तर रोजची नवी पत्रे यावीत म्हणून ‘फोल्डर’ हा पर्याय देऊन फक्त इनबॉक्स आणि पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर चालू ठेवा.

चार याद्या काढा

सगळी खाती घेऊ नका. ज्यांची तक्रार मोठी आहे अशी पाच खाती निवडा आणि प्रत्येकाच्या चार याद्या शेजारीशेजारी लावा.

पहिली, ‘डव्हअ‍ॅडम मेलबॉक्स लिस्ट’ला (ही डव्हकॉटची व्यवस्थापनाची कमांड) खात्याचे नाव देऊन मिळणारी: सर्व्हरच्या मते अस्तित्वात असलेले फोल्डर. दुसरी, त्याच कमांडला ‘एस’ हा छोटा पर्याय जोडून मिळणारी: सबस्क्राइब केलेले, म्हणजे मेल प्रोग्रामच्या यादीत दिसावेत अशी खूण असलेले फोल्डर. तिसरी, डिस्कवरच्या मेलडिरमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या डिरेक्टरींची. चौथी, एक्स्चेंज ऑनलाइनच्या पॉवरशेलमधून ‘गेट-मेलबॉक्सफोल्डरस्टॅटिस्टिक्स’ची, तिच्यातले फोल्डरपाथ, फोल्डरटाइप आणि आयटम्सइनफोल्डर हे तीन रकाने पुरेत. जुन्या बाजूची संख्या हवी तर ‘डव्हअ‍ॅडम मेलबॉक्स स्टेटस’ला ‘मेसेजेस व्हीसाइझ’ आणि सगळ्या फोल्डरांसाठी तारांकन द्या.

प्रत्येक आगंतुक फोल्डर कोणत्या यादीत आहे आणि कोणत्या यादीत नाही, यावरून त्याचे कारण कळते.

पहिल्या यादीत आहे, दुसरीत नाही: फक्त लपवलेला

सगळ्यात जास्त आढळणारे कारण हेच, आणि सगळ्यात कमी ओळखले जाणारेही. राउंडक्यूब किंवा थंडरबर्डमध्ये फोल्डरसमोरची खूण काढली की तो यादीतून दिसेनासा होतो. माणसाला वाटते तो गेला. प्रत्यक्षात फक्त सबस्क्रिप्शन जाते. फोल्डर सगळ्या पत्रांसह सर्व्हरवर तसाच असतो. आयमॅपसिंक मुळात सबस्क्रिप्शन न पाहता सगळे फोल्डर नेतो, आणि आउटलुक एक्स्चेंजच्या मेलबॉक्समधले सगळे फोल्डर दाखवतो. म्हणून चार वर्षे न दिसलेला फोल्डर सोमवारी सकाळी डोळ्यांसमोर येतो.

इथे ‘सबस्क्राइब्ड’ हा पर्याय लावून फक्त दुसरी यादी न्यायचा मोह होतो. तो टाळा. काही लोकांनी जुने फोल्डर यादी लहान दिसावी म्हणूनच लपवलेले असतात आणि ते त्यांना हवे असतात. हिशेब विभागात तर हमखास: मागच्या वर्षांचे फोल्डर लपवलेले, पण लेखापरीक्षणाच्या वेळी लागणारे. ज्या फोल्डरमध्ये पत्रे आहेत आणि सबस्क्रिप्शन नाही, त्यांची यादी त्या माणसाला पाठवून लेखी होकार घ्या. हा निर्णय तंत्रज्ञाचा नाही.

दुसऱ्या यादीत आहे, पहिलीत नाही: नुसते नाव

फोल्डर खरोखर डिलीट झाला, पण सबस्क्रिप्शनमध्ये नाव उरले. हा बिघाड नाही. २००३ च्या आरएफसी ३५०१ मध्ये नियमच आहे की फोल्डर अस्तित्वात नसला तरी सर्व्हरने आपणहून त्याचे नाव सबस्क्रिप्शनमधून काढायचे नाही. डव्हकॉट ही नावे खात्याच्या मेल डिरेक्टरीतल्या ‘सबस्क्रिप्शन्स’ नावाच्या साध्या मजकूर फाइलीत ठेवतो.

जी साधने ‘लिस्ट’ या आयमॅप कमांडऐवजी सबस्क्राइब केलेली नावे मागणारी ‘एलसब’ वापरतात ती या नावांवर अडखळतात: लॉगमध्ये मेलबॉक्स अस्तित्वात नसल्याच्या ओळी येतात, किंवा साधन रिकामा फोल्डर तयार करून पुढे जाते. उपाय सोपा आहे. ‘डव्हअ‍ॅडम मेलबॉक्स अनसबस्क्राइब’ने ती नावे काढा. पुढे कोणताही फोल्डर प्रशासकाच्या बाजूने डिलीट करताना ‘डव्हअ‍ॅडम मेलबॉक्स डिलीट’ला ‘एस’ जोडा, म्हणजे सबस्क्रिप्शनही सोबत जाते.

रिकामा पालक, पण पोटात मूल

याच्यावर जास्त वेळ द्या, कारण चुकीची साफसफाई इथेच सगळ्यात महागात पडते.

आयमॅपच्या नियमाप्रमाणे ज्या फोल्डरला उपफोल्डर आहेत तो डिलीट केला तर त्यातली पत्रे जातात, पण नाव ‘नोसिलेक्ट’ अशी खूण लागून उरते, कारण उपफोल्डरांना वाट हवी असते. मेलडिरमध्ये तर पालक डिस्कवर असावाच लागत नाही. सगळ्या डिरेक्टरी एकाच पातळीवर असतात आणि टिंब हे पातळी दाखवणारे चिन्ह असते. तिसऱ्या यादीत ‘प्रकल्प टिंब पुणे’ सापडेल पण नुसता ‘प्रकल्प’ सापडणार नाही, असे सहज होते.

एक्स्चेंजमध्ये नोसिलेक्टसारखा अर्धवट फोल्डर नसतो. ‘पुणे’ ठेवायला साधनाला खरा ‘प्रकल्प’ तयार करावाच लागतो. लोकांना तो ‘परत आलेला, रिकामा’ दिसतो. त्यांनी तो आउटलुकमध्ये डिलीट केला की पोटातला भरलेला ‘पुणे’ही सोबत जातो. ‘स्किपएम्प्टीफोल्डर्स’ हा पर्याय इथे उपयोगाचा नाही, कारण मुलासाठी पालक लागतोच. पालक नकोच असेल तर जुन्या सर्व्हरवर ‘डव्हअ‍ॅडम मेलबॉक्स रिनेम’ने मूल वरच्या पातळीवर आणा, मग सिंक करा.

मराठी फोल्डरनावांत या भुताटकीचे एक खास कारण असते: संक्षेपाचे टिंब. पातळीचे चिन्ह टिंब असलेल्या सर्व्हरवर कोणी ‘मे. कुलकर्णी ट्रेडर्स’ असा फोल्डर केला आणि त्याच्या मेल प्रोग्रामने अडवले नाही, तर सर्व्हर त्याचे ‘मे’ नावाचा पालक आणि सुरुवातीला मोकळी जागा असलेला ‘ कुलकर्णी ट्रेडर्स’ असे दोन तुकडे करतो. ‘जि.प. पत्रव्यवहार’चे तीन होतात. मग नव्या मेलबॉक्समध्ये ‘मे’, ‘जि’, ‘प’ असे एकाक्षरी रिकामे फोल्डर दिसतात आणि प्रत्येकाला वाटते हा कचरा आहे. तो काढला की सगळ्या पेढ्यांची पत्रे त्याच्यासोबत जातात. चौथ्या यादीत असे एक-दोन अक्षरी पालक शोधा. जुन्या बाजूला त्यांची नावे टिंबाशिवाय नव्याने द्या, म्हणजे ‘मे कुलकर्णी ट्रेडर्स’, ‘जिप पत्रव्यवहार’. नावाच्या सुरुवातीची आणि शेवटची मोकळी जागा आयमॅपसिंकमध्ये ‘रेजेक्सट्रान्स२’ने काढता येते. ती न काढल्यास दोन बाजूंची नावे डोळ्यांना सारखी आणि यंत्राला वेगळी ठरू शकतात.

देवनागरी नावांची जुळी

आयमॅपच्या रूढ आवृत्तीत फोल्डरची नावे सुधारित यूटीएफ-७ या सांकेतिक रूपात जातात. त्यात बिगर-रोमन भाग अँपरसँडने सुरू होतो आणि आडव्या रेघेने संपतो. डिस्कवरही सहसा नावे अशीच दिसतात. ‘डव्हअ‍ॅडम मेलबॉक्स लिस्ट’ ती उलगडून वाचनीय दाखवतो. सांकेतिक रूप हवे असेल तर ७ हा पर्याय द्या.

एखाद्या साधनाने हे रूप न ओळखता साधा मजकूर समजून पुन्हा सांकेतिक केले, तर मुळातल्या अँपरसँडचेच संकेतन होते आणि क्लाउडवर रोमन अक्षरांचा अगम्य गुंता हेच फोल्डरचे नाव बनते. चाचणीची फेरी एका साधनाने आणि पुढची दुसऱ्याने केली असेल तर एकच फोल्डर एकदा ‘निविदा’ म्हणून आणि एकदा त्या गुंत्याच्या रूपात उभा राहतो. गुंता असलेला डिलीट करायला हरकत नाही, पण आधी दोन्हींतली पत्रसंख्या जुळवा. एखादी फेरी मध्येच तुटली असेल तर जास्त पत्रे गुंत्यातच असू शकतात.

दुसरी जोडी जास्त फसवी असते. ‘कर्मचाऱ्यांचे पगार’ या नावातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होऊ शकतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, किंवा ‘र’ला खाली नुक्ता आणि हलंत. कीबोर्ड बदलला की रूप बदलते. त्यात काही कीबोर्ड मध्येच न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर अगदी सारखी दिसणारी दोन नावे सर्व्हरला वेगळी. कोणी जुना फोल्डर लपवून त्याच नावाचा नवा केला असेल, तर क्लाउडवर जुळी भावंडे दिसतात. ‘डव्हअ‍ॅडम’च्या सांकेतिक रूपातल्या यादीत ती लगेच वेगळी ओळखू येतात. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये न्यायची असतील तर आयमॅपसिंकचा ‘एफ१एफ२’ वापरा.

याचाच एक परिणाम: आयमॅपसिंकच्या ‘एक्स्क्लूड’मध्ये ‘कचरा’ असे देवनागरीत लिहून काहीही वगळले जाणार नाही. तिथेही सांकेतिक रूपच द्यावे लागते. आणि नमुन्याला सुरुवातीची टोपी (कॅरेट) आणि शेवटचे डॉलरचिन्ह लावायला विसरू नका, नाहीतर कचऱ्यासोबत ‘कचरा संकलन निविदा’ही मागे राहील.

कचरापेटीतले कप्पे

थंडरबर्डमध्ये फोल्डर डिलीट केला की तो ‘ट्रॅश’खाली उपफोल्डर म्हणून सरकतो. ट्रॅश रिकामा केला नाही तर सर्व्हरच्या दृष्टीने तो पूर्ण जिवंत फोल्डर असतो, आणि साधन तो तसाच उचलते. त्यात प्रत्येक मेल प्रोग्रामची कचरापेटी वेगळी: थंडरबर्ड आणि राउंडक्यूबची ‘ट्रॅश’, आउटलुकची ‘डिलीटेड आयटम्स’, अ‍ॅपल मेलची ‘डिलीटेड मेसेजेस’. एकाच खात्यात तिन्ही सापडणे नेहमीचे. २०११ च्या आरएफसी ६१५४ ने कोणता फोल्डर कचरापेटी आहे हे सर्व्हरने सांगायची सोय केली, आणि आयमॅपसिंकचा ‘ऑटोमॅप’ त्या खुणेवर व माहीत असलेल्या नावांवर चालतो. तरी उरलेल्या पेट्या साध्या फोल्डर म्हणून नव्या मेलबॉक्समध्ये येऊन बसू शकतात.

सर्व्हरवर ऑटोएक्स्पंज, म्हणजे मुदत संपलेली पत्रे आपोआप पुसण्याची सोय, लावले आहे, तरी इतका कचरा कसा, असाही प्रश्न येईल. त्याची तीन कारणे आहेत. ‘ट्रॅश’ला लावलेली मुदत त्याच्या उपफोल्डरांना लागत नाही, त्यांच्यासाठी ‘ट्रॅश’पुढे पातळीचे चिन्ह आणि तारांकन अशी वेगळी नोंद लागते. ऑटोएक्स्पंज पत्रे काढते, फोल्डर नाही. आणि ते वापरणाऱ्याचे सत्र संपताना चालते, म्हणून जे खाते कोणी उघडतच नाही तिथे ते होत नाही. नोकरी सोडून गेलेल्यांच्या खात्यांत म्हणूनच सगळ्यात जुना कचरा असतो.

माझे स्पष्ट मत असे की कचरापेटी नेऊच नये, किंवा न्यायचीच तर शेवटच्या ३० दिवसांची न्यावी. आयमॅपसिंकमध्ये ‘मॅक्सएज’ दिवसांत द्यायचे असते. ट्रॅशसाठी ती वेगळी फेरी करा. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे आयमॅप मायग्रेशन वापरणार असाल तर हे आणखी महत्त्वाचे. तिथे एका मेलबॉक्समधून जास्तीत जास्त ५,००,००० पत्रे येतात आणि ती नव्याकडून जुन्याकडे या क्रमाने. कचरापेटीतली गेल्या वर्षीची जाहिरातपत्रे त्या मर्यादेत जागा खातात आणि दहा वर्षांपूर्वीचा करार मागे राहतो. त्या पद्धतीत पत्राची कमाल मर्यादा ३५ एमबी आहे, आणि बॅच तयार करतानाच ‘एक्स्क्लूडफोल्डर्स’मध्ये वगळायची नावे देता येतात.

तीन पेट्या एकाच ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये ओतायच्या असतील तर ‘एफ१एफ२’ तीनदा द्या. पण त्या फेरीत ‘डिलीट२’ कदापि लावू नका. एका पेटीच्या दृष्टीने दुसऱ्या पेटीची पत्रे उपरी ठरतात. साधनाची आवृत्ती त्याला आवर घालते की नाही यावर विसंबू नये.

खूण केलेली पण न पुसलेली पत्रे

आयमॅपमध्ये डिलीट दोन टप्प्यांत होते: पत्रावर खूण, मग एक्स्पंज, म्हणजे प्रत्यक्ष पुसणे. काही प्रोग्राम फक्त खूण करून पत्र लपवतात किंवा त्यावर रेघ ओढतात. फोल्डर वरून रिकामा दिसतो आणि आत हजारो पत्रे असतात. ‘डव्हअ‍ॅडम सर्च’ला फोल्डरचे नाव आणि ‘डिलीटेड’ ही अट द्या, किती सापडतात ते पाहा. त्याच अटीने ‘डव्हअ‍ॅडम एक्स्पंज’ ती काढते. पुसायचे नसेल तर आयमॅपसिंकला ‘सर्च’मध्ये ‘अनडिलीटेड’ द्या, म्हणजे खूण केलेली मागेच राहतील.

सर्व्हरवर लेझी एक्स्पंज प्लगइन असेल तर पुसलेली पत्रेही वेगळ्या, सहसा लपवलेल्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे फोल्डरांच्या वेगळ्या गटात साठतात. तो नेमस्पेस चुकून यादीत दिसण्यासारखा ठेवला असेल तर साधन सगळा इतिहास उचलून नेते. पहिल्या यादीत ‘एक्स्पंज्ड’ किंवा तत्सम उपसर्गाचे फोल्डर दिसले तर कारण हेच. सेटिंगमध्ये त्या नेमस्पेसचे ‘लिस्ट’ बंद करा किंवा तो उपसर्ग वगळा.

तिसऱ्या यादीत दोन टिंबे आणि ‘डव्हकॉट-ट्रॅश्ड’ अशी डिरेक्टरी दिसली तर घाबरू नका. डव्हकॉट मेलडिर फोल्डर डिलीट करताना आधी त्याचे नाव असे बदलतो आणि मग आतले पुसतो. परवानग्या चुकल्या किंवा एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) फाइल उघडी राहिली की ती अर्धवट उरते. आयमॅपला ती दिसत नाही, त्यामुळे क्लाउडवर येत नाही. फक्त डिस्कचा आकडा आणि मेलबॉक्सचा आकडा जुळत नाही. साठवण मेलडिरऐवजी एमडीबॉक्स (एका फाइलीत अनेक पत्रे ठेवणारी डव्हकॉटची पद्धत) असेल तर आकड्यांचा असाच फरक ‘डव्हअ‍ॅडम पर्ज’ न चालवल्यानेही पडतो.

आता साफसफाई, या क्रमाने

आधी प्रत. ‘डव्हअ‍ॅडम बॅकअप’ने प्रत्येक खात्याचा मेलडिर वेगळ्या डिस्कवर घ्या. कोणत्याही एका खात्याची प्रत उघडून पत्र वाचता येते का ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग जुन्या सर्व्हरवर वर सांगितल्याप्रमाणे नावे, सबस्क्रिप्शन, कचरापेट्या नीट करा. वापरणाऱ्यांना तोवर जुन्या सर्व्हरवर फोल्डर हलवू देऊ नका, नाहीतर याद्या शिळ्या होतात.

त्यानंतर क्लाउडवर काय उपरे ठरते ते नुसते पाहा: आयमॅपसिंकला ‘डिलीट२फोल्डर्स’, ‘ड्राय’, ‘जस्टफोल्डर्स’ आणि ‘नोफोल्डरसाइझेस’ हे चार पर्याय एकत्र द्या. ‘ड्राय’ असताना काहीही पुसले जात नाही, फक्त काय पुसले असते ते लॉगमध्ये येते. तो लॉग ओळ न ओळ वाचा. एक्स्चेंज आयमॅपवर कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स, टास्क्स, नोट्सही फोल्डर म्हणून दाखवतो. जुन्या सर्व्हरवर ते नसल्यामुळे पुसायच्या यादीत येऊ शकतात. शिवाय लोकांनी नव्या मेलबॉक्समध्ये गेल्या दोन आठवड्यांत केलेले फोल्डरही त्याच यादीत असतील.

म्हणून प्रत्यक्ष पुसताना नुसते ‘डिलीट२फोल्डर्स’ वापरू नका. ‘डिलीट२फोल्डर्सओन्ली’ला नेमकी नावे द्या, किंवा यादी फार मोठी असेल तर ‘डिलीट२फोल्डर्सबटनॉट’मध्ये राखायची नावे द्या. पहिला मार्ग कंटाळवाणा आहे आणि मी तोच सुचवतो.

इथे एक मोठा धोका आहे. १२० जणांचे पासवर्ड मागायला नकोत म्हणून डव्हकॉटचा मास्टर यूजर, म्हणजे एका पासवर्डने कोणाच्याही खात्यात जाणारा प्रशासक, वापरला जातो, खात्याचे नाव, तारांकन आणि मास्टरचे नाव असे लिहून. सर्व्हरवर एसीएल प्लगइन (फोल्डरनिहाय परवानग्या ठरवणारे) चालू असेल तर मास्टर यूजरलाही त्या परवानग्या लागू होतात आणि त्याला खात्यातले फोल्डर दिसत नाहीत. लॉगिन यशस्वी, यादी जवळजवळ रिकामी. या अवस्थेत ‘डिलीट२फोल्डर्स’ चालवले तर साधनाच्या मते नव्या बाजूचा प्रत्येक फोल्डर उपरा असतो. ड्राय फेरीच्या लॉगमध्ये जुन्या बाजूची फोल्डरसंख्या पहिल्या यादीशी जुळते का, ते प्रत्येक खात्यासाठी तपासा. जुळत नसेल तर थांबा.

‘डिलीट२’, म्हणजे पत्रे पुसणारा पर्याय, एमएक्स वळवल्यानंतर कोणत्याही परिस्थितीत लावायचा नाही. नवी पत्रे फक्त नव्या बाजूला असतात, आणि जुन्यावर नसलेले ते सगळे पुसणे हेच त्याचे काम.

एक्स्चेंज ऑनलाइनवर आयमॅपसाठी साधा पासवर्ड चालत नाही, ओऑथ टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी मिळणारा तात्पुरता परवाना, लागते. आयमॅपसिंकमध्ये ते ‘ओऑथअ‍ॅक्सेसटोकन२’मध्ये देतात. टोकनचे आयुष्य साधारण ६० ते ९० मिनिटे असते. मोठ्या मेलबॉक्सची फेरी मध्येच तुटून अर्धवट फोल्डर उरायचे हे एक कारण आहे, तेव्हा मोठी खाती फोल्डरांच्या गटांत विभागून चालवा. आयमॅपचा मार्ग नको असेल तर मायक्रोसॉफ्ट ग्राफमधून (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला प्रोग्राममधून आज्ञा देण्याच्या एपीआयमधून) मेलफोल्डरचा ओळखक्रमांक देऊन तो डिलीट करता येतो. नावे गुंत्याची असतील तिथे हाच मार्ग सोयीचा, कारण नाव टाइप करावे लागत नाही.

पुसल्यानंतर जे दिसेल

‘गेट-मेलबॉक्सफोल्डरस्टॅटिस्टिक्स’च्या यादीत ‘रिकव्हरेबल आयटम्स’, ‘डिलीशन्स’, ‘पर्जेस’, ‘व्हर्जन्स’ असे फोल्डर दिसतील आणि साफसफाईनंतर त्यांचा आकार वाढलेला असेल. हे उरलेले फोल्डर नाहीत, एक्स्चेंजची स्वतःची सुरक्षित जागा आहे. पुसलेली पत्रे तिथे मुळात १४ दिवस राहतात. ‘सेट-मेलबॉक्स’मध्ये ‘रिटेनडिलीटेडआयटम्सफॉर’ने ही मुदत जास्तीत जास्त ३० दिवस करता येते. साफसफाईच्या आधी ती ३० करा. चूक लक्षात यायला दोन आठवडे पुरत नाहीत, विशेषतः मधे दिवाळीची सुटी असेल तर.

या जागेची मर्यादा ३० जीबी आहे, आणि मेलबॉक्स होल्डवर (पत्रे पुसू न देण्याच्या कायदेशीर बंधनाखाली) असेल तर १०० जीबी. म्हणून ४० जीबीचा दुहेरी कचरा एका दिवसात पुसू नका, टप्प्याटप्प्याने पुसा. होल्ड असेल तर मुदत संपली तरी पत्रे तिथून जाणार नाहीत. होल्ड काढणे हा कायदेशीर निर्णय असतो, जागा मोकळी करायचा उपाय नाही.

शेवटी, फोल्डर वेबवरच्या आउटलुकमध्ये दिसत नाही पण एखाद्याच्या संगणकावर दिसतो, असे झाले तर सर्व्हरवर काहीही करू नका. ती त्या संगणकावरची ओएसटी फाइल, म्हणजे आउटलुकने ठेवलेली मेलबॉक्सची स्थानिक प्रत आहे. आउटलुक बंद करा, ओएसटीचे नाव बदला, पुन्हा उघडून नव्याने सिंक होऊ द्या. त्याच संगणकावर जुने आयमॅप खाते अजून जोडलेले आहे का तेही बघा. बरेचदा ‘परत आलेला’ फोल्डर त्या जुन्या खात्याखालीच दिसत असतो, आणि लोक दोन झाडांतला फरक करत नाहीत. असे असेल तर ते खाते प्रोफाइलमधून काढा.

जुना सर्व्हर ६० दिवस तरी ठेवा, पण वापरणाऱ्यांचे आयमॅप लॉगिन बंद करून. चालू सत्रे ‘डव्हअ‍ॅडम किक’ने तोडा, नाहीतर कोणाचा तरी फोन रात्रभर त्याच सर्व्हरवर फोल्डर हलवत राहील.